मांजर : माणसाळणे व शिक्षण

मार्जार कुलातील फेलिस कॅटस ही पाळीव जाती हजारो वर्षे मानवी वस्तीत वावरत आहे. तथापि गाय, घोडा वा कुत्रा यांच्याप्रमाणे ती मानवाच्या आज्ञेत कधीच पूर्णपणे आलेली नाही. मांजराला हाताळणे, घराच्या शिस्तीत बसविणे व ठराविक कृती शिकविणे यांत येणाऱ्या अडचणींची कारणे या प्राण्याच्या बुद्धिमांद्यात वा हट्टीपणात शोधण्याची प्रथा जुनी आहे. माणसाळण्याच्या इतिहासाचा आणि विसाव्या शतकातील प्रायोगिक संशोधनाचा विचार केला असता ही कारणे वेगळी असल्याचे दिसून येते. मानवाने मांजराला कामाला जुंपले नाही; मांजराच्या स्वतःच्या उद्योगाचा त्याने केवळ लाभ घेतला. त्यामुळे आज्ञाधारकपणासाठी पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणारी निवड या प्राण्याच्या बाबतीत झालीच नाही.

माणसाळण्याची सुरुवात : पाळीव मांजराचा पूर्वज फेलिस लिबिका हे आफ्रिका व पश्चिम आशिया या प्रदेशांतील रानमांजर होय. कार्लोस ड्रिस्कॉल व त्यांचे सहकारी यांनी ९७९ मांजरांच्या जनुकीय नमुन्यांचा अभ्यास करून २००७ मध्ये हे नाते स्पष्ट केले. पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यावर धान्याच्या साठ्यांकडे उंदीर आकर्षित झाले आणि उंदरांमागोमाग रानमांजरे वस्तीजवळ आली. माणसाची चाहूल सहन करू शकणाऱ्या मांजरांना येथे खाद्य विपुल मिळाले व त्यांची प्रजा वाढली. सायप्रस बेटावरील शिल्यूरोकांबोस येथे सु. ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी सु. आठ महिने वयाच्या मांजराचा सांगाडा सापडला. हा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. या बेटावर मांजराची मूळ जाती नसल्याने ते नावेतून तेथे नेले असले पाहिजे. पुढील प्रसार मात्र संथ होता. यूरोपातील पाळीव मांजरे सु. दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतून तेथे पोहोचली असावीत, असे प्राचीन जनुकसंचांच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून दिसते.

बहुतेक पाळीव प्राण्यांचे पूर्वज कळपाने वा टोळीने राहणारे होते आणि कळपातील म्होरक्याची जागा मानवाने घेतली. रानमांजर मात्र एकट्याने शिकार करणारे व स्वतःचा प्रदेश राखणारे श्वापद आहे. त्याच्या जीवनक्रमात म्होरक्याला स्थान नाही. त्यामुळे ‘हुकूम’ आणि ‘शिक्षा’ या दोन्ही गोष्टी त्याला निरर्थक ठरतात. पाळीव मांजराच्या जनुकसंचाचे २०१४ मध्ये झालेले विश्लेषण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पाळीव व रानटी मांजरांमधील फरक स्मृती, भीतीचे अभिसंधान आणि बक्षिसाच्या अपेक्षेने शिकणे यांच्याशी संबंधित जनुकांत विशेष आढळले. म्हणजेच माणसाळताना मांजराची भीती कमी झाली व खाद्याच्या आशेने शिकण्याची क्षमता वाढली. परंतु त्याची शिकारी वृत्ती व शरीररचना फारशी बदलली नाही.

प्राचीन ईजिप्त : मांजराशी असलेले मानवाचे निकट संबंध प्रथम तपशीलाने दिसतात ते ईजिप्तमध्ये. थीब्झ येथील नेबामून या अधिकाऱ्याच्या थडग्यातील भित्तिचित्रात (इ. स. पू. सु. १३५०) पाणथळीत चाललेल्या शिकारीच्या वेळी पक्ष्यांना पकडणारे मांजर दाखविले आहे. त्यावरून शिकारीसाठी मांजरांना शिकविले जात असे, असा तर्क काही अभ्यासकांनी केला. मात्र हे चित्र प्रतीकात्मक असण्याचाही संभव आहे. नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील बूबॅस्टिस येथे बास्टेट या देवतेची उपासना होत असे व मांजर तिचे प्रतीक मानले जाई. घरातील मांजर मेल्यावर कुटुंबीय भुवया काढून टाकत, असे ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याने नमूद केले आहे. आग लागली असता लोक ती विझविण्याऐवजी मांजरांना अडविण्यासाठी कडे करून उभे राहत आणि मांजरे मात्र त्यांना चुकवून आगीत उडी घेत, असेही तो सांगतो. या वृत्तांतात अतिशयोक्ती असली, तरी घाबरलेले मांजर माणसाच्या हाती लागत नाही, हा अनुभव त्यात उमटलेला आहे.

पूज्यतेची दुसरी बाजूही होती. देवतेला वाहण्यासाठी मांजरे मुद्दाम पाळली जात. त्यांच्या ममींच्या क्ष-किरण परीक्षणात अनेक मांजरे कोवळ्या वयात मान मुरगळून मारल्याचे आढळले. बेनी हसन येथे १८८८ मध्ये सापडलेल्या अशा ममींपैकी सु. १,८०,००० ममी १८९० मध्ये लिव्हरपूल येथे खतासाठी विकल्या गेल्या.

मध्ययुगीन व अर्वाचीन यूरोप : यूरोपात मांजराचे मोल त्याच्या कामावर ठरत असे. हाउएल डा (दहावे शतक) या राजाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या वेल्समधील कायद्यांत पिलाची किंमत डोळे उघडेपर्यंत एक पेनी, उंदीर मारू लागेपर्यंत दोन पेनी व त्यानंतर चार पेनी ठरविली होती. मांजराचे कान, डोळे व नख्या शाबूत असाव्यात, त्याने उंदीर मारावेत आणि भाटीने स्वतःची पिले खाऊ नयेत, अशा अटी विक्रेत्यावर होत्या. त्यांत आज्ञापालनाची अट नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याच काळात मांजराविषयीचा संशयही बळावला. पोप नववा ग्रेगरी याच्या १२३३ च्या आज्ञापत्रात पाखंड्यांच्या कथित विधींच्या वर्णनात काळ्या मांजराचा उल्लेख आहे. पुढे चेटकिणींवरील खटल्यांतून हा समज दृढ झाला आणि मांजरांचा छळ अनेक ठिकाणी करमणुकीचा विषय बनला. रात्री हिंडणे, नजर रोखणे व बोलावल्यास न येणे या त्याच्या स्वाभाविक सवयींना दुष्टपणाचा अर्थ चिकटला.

कामकरी मांजर मात्र कोठारांत, जहाजांवर व कचेऱ्यांत टिकून राहिले. रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १७४५ मध्ये कझान येथून उंदीर मारणारी मांजरे राजवाड्यासाठी मागविली. लंडनच्या टपाल खात्याच्या मनीऑर्डर कचेरीत १८६८ मध्ये तीन मांजरे आठवड्याला एक शिलिंग भत्त्यावर सहा महिन्यांच्या परीक्षणार्थ ठेवण्यात आली व उरलेली प्राप्ती त्यांनी उंदरांतून करावी, असे ठरले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर याने १३ जुलै १८७१ रोजी मोठे मांजर प्रदर्शन भरविले. तेव्हापासून जातिवंत मांजरांची पैदास वाढली. परंतु ती रंग, केस व बांधा यांसाठी झाली. कुत्र्यांत मेंढपाळीसाठी, राखणीसाठी वा शिकार उचलून आणण्यासाठी झाली तशी कार्यविशिष्ट निवड मांजरांत झाली नाही.

भारतीय परंपरा : सिंधमधील चन्हुदाडो येथील हडप्पा संस्कृतीच्या एका विटेवर मांजराच्या व कुत्र्याच्या पावलांचे ठसे उमटलेले आहेत, ते मांजर पाळीव होते किंवा नाही, हे त्यावरून ठरत नाही. संस्कृतमध्ये या प्राण्याला मार्जार व बिडाल ही नावे आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी तपस्व्याचे सोंग घेऊन उंदीर खाणाऱ्या मांजराची कथा येते; महाबलीपुरम्‌ येथील सातव्या शतकातील प्रसिद्ध शिल्पपटातही तप करणारे मांजर व त्याच्याभोवतीचे उंदीर कोरलेले आहेत. मनुस्मृतीत दांभिक माणसाला ‘बैडालव्रतिक’ असे म्हटले आहे, तर हितोपदेशातील दीर्घकर्ण हे मांजर आश्रयदात्या गिधाडाचा घात करते. उलट बंगालमध्ये अपत्यांची रक्षणकर्ती षष्ठीदेवी हिचे मांजर हे वाहन मानले जाते.

मराठी घरात मांजराला शिकविण्याऐवजी घराचीच मांडणी त्याला अनुसरून करण्याची रीत होती. दुधादह्याची भांडी शिंक्यावर टांगणे, जाळीच्या कपाटाला कडी घालणे व कणगीच्या आसपास मांजराला मुक्तद्वार ठेवणे, हे तिचे मुख्य उपाय. ‘शिंक्याचे तुटले, बोक्याचे पटले’ व ‘उंदराला मांजर साक्ष’ यांसारख्या म्हणी याच अनुभवातून आल्या आहेत. मांजराचा मोह शिकवणुकीने जात नाही, म्हणून वस्तूच त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावी, हे या रीतीचे तत्त्व होय. आधुनिक वर्तनशास्त्राचा निष्कर्षही यापेक्षा फार निराळा नाही.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ सुरू झाल्यावर मांजराच्या उपयुक्ततेचा प्रश्न नव्याने पुढे आला. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, असे प्रतिपादन पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये केले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय सेवेतील अँड्र्यू ब्युकॅनन याने मांजरे पाळणे हा प्लेगवरील प्रतिबंधक उपाय असल्याचे मत १९०८ मध्ये मांडले. मांजरालाही प्लेग होऊ शकतो व त्याच्यापासून माणसाला संसर्ग पोहोचू शकतो, हे पुढे सिद्ध झाल्यामुळे या उपायाची मर्यादा स्पष्ट झाली.

प्रायोगिक अभ्यास : प्राण्यांच्या शिकण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्या प्राण्यांपासून सुरू झाला, त्यांत मांजर प्रमुख होते. एडवर्ड ली थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून बाहेर खाद्य ठेवले. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. प्रारंभी मांजर वाटेल तशी धडपड करी व योगायोगाने सुटे. पुनःपुन्हा कोंडल्यावर निष्फळ हालचाली कमी होत जाऊन सुटकेस लागणारा वेळ घटे. या प्रयत्न-प्रमाद पद्धतीवरून थॉर्नडाइकने ‘परिणामाचा नियम’ मांडला : समाधानकारक परिणाम घडविणारी कृती दृढ होते व असमाधानकारक परिणाम घडविणारी क्षीण होते.

त्याच प्रयोगांतील दोन निरीक्षणे मांजर शिकविणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत. मांजराचा पंजा धरून त्याच्याकडून खटका दाबवून घेतल्याने ते काही शिकत नसे. तसेच अंग चाटल्यावर वा खाजविल्यावर दार उघडले, तर ती कृती हळूहळू आक्रसून नाममात्र उरे. उपजत प्रेरणेचा ज्या परिणामाशी संबंध नाही, त्याच्यासाठी ती कृती नीट जोडली जात नसे. कोणतीही कृती कोणत्याही बक्षिसाने शिकविता येते, या समजाला येथेच पहिला धक्का बसला.

मांजरांविषयीच्या गैरसमजाचे एक उदाहरण शास्त्रीय वाङ्‌मयातच आढळते. एडविन गथ्री व जॉर्ज हॉर्टन यांनी १९४६ मध्ये पेटीतून सुटणाऱ्या मांजरांच्या हालचालींची छायाचित्रे घेऊन त्या अत्यंत साचेबंद असतात, असे दाखविले. पेटीतील दांड्याला अंग घासणे ही त्यांतील प्रमुख हालचाल होती. यावरून गथ्रीने शिकण्याचा एक सिद्धांत उभारला. ब्रूस मूर व सुझन स्टटर्ड यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, जवळ माणूस असला म्हणजे मांजर कोणतेही बक्षीस नसताना असेच अंग घासते व माणूस नसला तर घाशीत नाही. ते मांजराचे अभिवादन होते. तीस वर्षे ‘शिकलेली कृती’ म्हणून गणलेले वर्तन प्रत्यक्षात समोर बसलेल्या संशोधकांना केलेला नमस्कार ठरले.

पिलाचे संगोपन : मांजराचा स्वभाव किती उपजत व किती संस्कारजन्य, या प्रश्नावर चिनी शास्त्रज्ञ गुओ रनयुआन (झिंग-यांग कुओ) यांनी १९३० मध्ये प्रकाश टाकला. उंदीर मारणाऱ्या आईबरोबर वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ पिलांनी, एकटी वाढलेल्या २० पैकी ९ पिलांनी आणि उंदरांच्याच सोबतीत वाढलेल्या १८ पैकी केवळ ३ पिलांनी पुढे उंदीर मारले. फिलिस चेस्लर यांच्या १९६९ मधील प्रयोगात खाद्यासाठी दांडा दाबणारी आई पाहिलेली पिले ती कृती लवकर शिकली. अनोळखी भाटीला पाहणाऱ्यांना अधिक वेळ लागला आणि ज्यांच्यापुढे कोणतेच उदाहरण नव्हते, त्यांना ती साधलीच नाही. मांजर अनुकरणाने शिकत नाही, हे थॉर्नडाइकचे मत यामुळे बदलावे लागले.

माणसाच्या हाताची सवय लागण्याचा काळ मात्र अल्प असतो. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात केलेल्या अभ्यासांवरून दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा हा काळ संवेदनक्षम ठरतो. या काळात रोज थोडा वेळ, शक्यतो एकाहून अधिक माणसांनी, हळुवारपणे हाताळलेली पिले पुढे माणसाजवळ स्वतःहून येतात. हा काळ गेल्यावर पकडलेली पिले क्वचितच निर्भय होतात. पित्याच्या स्वभावाचाही परिणाम होतो. धीट बोक्याची पिले त्याच्या सहवासाशिवायही अधिक धीट निपजतात, असे सँड्रा मकून यांनी १९९५ मध्ये दाखविले. प्रौढ मांजर ‘बिघडलेले’ आहे अशी तक्रार होते, तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा मालकाच्या घरी येण्यापूर्वीच्या या काही आठवड्यांत असते.

प्रदर्शनार्थ व गुप्तकार्यार्थ शिक्षण : मांजराला मुळीच शिकविता येत नाही, हा समज रशियन विदूषक यूरी कुक्लाचोव्ह यांनी खोटा ठरविला. त्यांनी १९९० मध्ये मॉस्को येथे मांजरांची रंगभूमी स्थापन केली. ठरविलेला खेळ मांजरावर लादण्याऐवजी प्रत्येक मांजराच्या आवडत्या खोडीभोवती खेळ रचणे, हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य मानले जाते. याच्या उलट उदाहरण अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेचे आहे. तिने १९६०–७० या दशकात मांजराच्या शरीरात ध्वनिग्राहक यंत्रणा बसवून त्याला संभाषणे ऐकण्यासाठी पाठविण्याचा प्रयोग केला. मांजराला थोड्या अंतरापर्यंत ठरल्याप्रमाणे नेता येते. परंतु प्रत्यक्ष परिस्थितीत ही पद्धत व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष १९६७ च्या टिपणात आहे. हे टिपण २००१ मध्ये खुले झाले.

बंदिस्त घरातील अडचणी : अमेरिकेतील एडवर्ड लो यांनी १९४७ मध्ये मलविसर्जनासाठी शोषक मातीचे कण विकण्यास सुरुवात केली. या साध्या वस्तूमुळे मांजर अहोरात्र घरात ठेवणे शक्य झाले. शहरांतील सदनिकांत ही पद्धत रूढ होताच पूर्वी अंगणात व छपरावर विरून जाणारे वर्तन घरात समस्या म्हणून उभे राहिले. सामानाला नख्या घासणे हे मांजराच्या दृष्टीने नख्यांचे जुने आवरण काढणे व प्रदेशावर खूण करणे होय. ते बंद करता येत नाही. पण काथ्या गुंडाळलेला उंच व स्थिर खांब दिल्यास त्याकडे वळविता येते. तबकाबाहेर घाण करण्याची कारणे तबकाची अस्वच्छता, गोंगाटाची जागा, अनेक मांजरांतील स्पर्धा वा मूत्रमार्गाचा विकार ही असतात. म्हणून प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. बोक्याचे मूत्र फवारणे निर्बीजीकरणानंतर बहुधा थांबते.

मारणे, ओरडणे वा घाणीत नाक घासणे यांसारख्या शिक्षांचा संबंध मांजर आपल्या कृतीशी न लावता शिक्षा करणाऱ्या माणसाशी लावते. परिणामी ते कृती सोडत नाही, तर माणसाला टाळते. याहून कठोर उपाय म्हणजे नख्या काढण्याची शस्त्रक्रिया. तीत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जात असल्याने ती वेदनादायक ठरते. अमेरिकेतील वेस्ट हॉलिवुड शहराने २००३ मध्ये व न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

हाताळताना शेपटी आपटणे, कान मागे पाडणे, बाहुल्या विस्फारणे व कातडी थरथरणे ही चाव्यापूर्वीची लक्षणे होत. ती दिसताच हात काढून घ्यावा. आई पिलाला मानेच्या कातडीने उचलते, म्हणून प्रौढ मांजरालाही तसेच उचलण्याची प्रथा आहे. परंतु त्यामुळे ते भयभीत होते. छाती व मागचे पाय यांना आधार देऊन उचलणे योग्य. मांजराच्या चाव्यामुळे वा ओरखड्यामुळे अलर्क रोगाचा धोका संभवतो. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ वैद्यकीय उपचार घेणे अगत्याचे आहे.

बक्षिसावर आधारित पद्धती : सध्याच्या शिक्षणपद्धतीत इष्ट कृती घडताच खटक्याचा आवाज करून लगेच खाद्य देतात. बक्षिसाची निवड मांजराच्या शरीरधर्मानुसार करावी लागते. गोड चव ओळखण्यास लागणारे एक जनुक त्याच्यात निकामी असल्याचे २००५ मध्ये सिद्ध झाले. म्हणून गोड पदार्थ व्यर्थ ठरतो. पुष्कळ प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. टॉरिन या द्रव्याच्या अभावी मांजराची दृष्टी अधू होते, हे १९७५ मध्ये दिसून आले. ते द्रव्य मांसातून मिळते. यास्तव केवळ दूधभातावर मांजर पोसणे त्याच्या प्रकृतीस अपायकारक आहे.

निवाराघरातील १०० मांजरांवरील २०१७ च्या एका अभ्यासात दोन आठवड्यांत पाच-पाच मिनिटांचे १५ पाठ दिल्यावर ७९ टक्के मांजरे दाखविलेल्या वस्तूला नाक लावण्यास, ६० टक्के गिरकी घेण्यास, ३१ टक्के हाताला पंजा लावण्यास व २७ टक्के सांगितल्यावर बसण्यास शिकली. निवाराघरातील मांजर नव्या घरी दिले जाणे हे पुष्कळदा त्याच्या धीटपणावर अवलंबून असल्याने अशा पाठांचे महत्त्व करमणुकीपुरते नाही. कुत्र्याला सर्वांत सोपी वाटणारी बसण्याची कृती येथे सर्वांत अवघड ठरली, ही गोष्ट दोन्ही प्राण्यांमधील अंतर दाखविते.

जपानमधील आत्सुको साइतो यांच्या २०१३ मधील प्रयोगात मांजरांनी मालकाचा आवाज परक्यांच्या आवाजांतून ओळखला. परंतु ती मान वा कान हलविण्यापलीकडे गेली नाहीत, उठून आली नाहीत. स्वतःचे नावही मांजर ओळखते, हे त्यांनी २०१९ मध्ये दाखविले. मांजराला हाक समजते. हाकेला ओ देण्याचे बंधन मात्र त्याच्या पूर्वेतिहासात नाही. त्याला शिकविणाऱ्याचे पुष्कळसे यश म्हणूनच कोवळ्या वयातील हळुवार हाताळणी, योग्य बक्षीस आणि घराची अनुकूल मांडणी यांवर अवलंबून राहते.